सोळा ते सव्वीस डिसेंबर

सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१च्या सकाळी शकरगड आघाडीवर, बसंतर नदीपलीकडे जारपाल गावाजवळ पडला. दुसऱ्या दिवशी सांब्याजवळ त्याला अग्नी दिला गेला. दिल्लीत आईवडिलांना कळले ते २६ तारखेला. परमवीर चक्राच्या मानपत्रात सोळा तारखेची ती सकाळ सविस्तर आहे. मला मात्र पुढच्या दहा दिवसांनी धरून ठेवले आहे. त्या दहा दिवसांविषयी कुठल्याही मानपत्रात काही नसते.

०

त्या दहा दिवसांत देशात काय चालले होते ते आठवावे. सोळालाच संध्याकाळी ढाक्यात जनरल नियाझींनी शरणागतीच्या कागदावर सही केली. सतराला रात्री आठ वाजता पश्चिमेकडच्या तोफाही थांबल्या. ज्या घरातला मुलगा आघाडीवर होता, त्या घराला युद्धबंदीचा अर्थ एकच कळतो: आता तो येणार. अरुणची आई महेश्वरी खेत्रपाल यांनी मुलाची खोली आवरून ठेवली. त्याची मोटारसायकल नीट करून ठेवली. मग दारात तारवाला आला. तारेत दोन-तीन ओळी, अरुणचा सैन्यातला क्रमांक, हुद्दा आणि तारीख.

मोटारसायकलचा तपशील मी कितीदा तरी वाचला आणि दर वेळी तिथे थांबलो. खोली आवरणे हे आईपण झाले. गाडी दुरुस्त करून ठेवणे म्हणजे तो येताक्षणी कुठे जाणार, कोणाला भेटणार, हेही घरातल्यांनी मनात ठरवून टाकले होते.

०

१६ डिसेंबर. देशाचा विजय दिवस. त्याच तारखेला त्या घरात मुलाचे वर्षश्राद्ध. दर वर्षी सकाळपासून भाषणे, पुष्पचक्रे, वर्तमानपत्रांची पाने. दुःखाला स्वतःचा असा एक दिवसही त्या घराच्या वाट्याला आला नाही.

०

हिशेब करून पाहिला. जन्म १४ ऑक्टोबर १९५०. सैन्यात अधिकारी म्हणून रुजू १३ जून १९७१. मृत्यू १६ डिसेंबर १९७१. वय एकवीस वर्षे दोन महिने. नोकरी सहा महिने तीन दिवस.

०

त्याचा जन्म पुण्यातला. पंजाबी कुटुंब, वडील एम. एल. खेत्रपाल सैन्याच्या इंजिनिअर्स कोरमधले अधिकारी. बदलीच्या नोकरीत मुले जिथे जन्मतात ते गाव त्यांचे होतेच असे नाही. पण अरुणच्या आयुष्यात महाराष्ट्र पुन्हा पुन्हा आला. सनावरच्या लॉरेन्स स्कूलमधून तो खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाला, अडतिसाव्या तुकडीत, फॉक्सट्रॉट स्क्वाड्रनमध्ये. डेहराडूनच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडल्यावर रेजिमेंट मिळाली ती १७ हॉर्स, म्हणजे पूना हॉर्स. १८१७ साली पुण्यात उभी राहिलेली ही पलटण. नाव पुण्याचे असले तरी तिच्यात घोड्यावर, आणि पुढे रणगाड्यावर, बसले ते राजपूत, जाट आणि कायमखानी मुसलमान. आणि शेवटचे प्रशिक्षण अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला.

पुण्याची माणसे रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खायला जातात. धरणापलीकडे प्रबोधिनीचा परिसर दिसतो. तिथले संचलनाचे मैदान आता त्याच्या नावाने ओळखले जाते: खेत्रपाल परेड ग्राउंड. मुलगा त्या मैदानावर पावले टाकत होता तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा होता.

०

घराण्याची यादी लांब आहे. पणजोबा खालसा फौजेत, इंग्रजांविरुद्ध चिलियनवालाला लढलेले. आजोबा पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्ध, इंग्रजांच्या बाजूने. वडील दुसऱ्या महायुद्धात. चार पिढ्यांत शत्रू दर वेळी बदलला, हातातले झेंडे बदलले, शिपाईगिरी तेवढी कायम राहिली. १९७१ साली आघाडीवर निघण्याआधी घरी जेवायला बसल्यावर आईने अरुणला याच यादीची आठवण दिली आणि तिला शोभेल असे लढायला सांगितले.

ते बोलणे आता आपल्याकडे वीरमातेचे उद्गार म्हणून छापले जाते. मला ते वाचताना जेवणाचे टेबल दिसते. लष्करी घरात वाढलेली, लष्करी घरात नांदलेली बाई मुलाला दुसरे काय म्हणणार? काळजी घे म्हणणे तिथे जणू कमीपणाचे. ती ते मनात म्हणाली असेलच.

०

अहमदनगर. आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलमध्ये नव्या अधिकाऱ्यांचा कोर्स चालू होता. युद्ध अटळ दिसू लागताच कोर्स अर्ध्यावर थांबला आणि मुलांना आपापल्या रेजिमेंटला पाठवले गेले. अरुण दिल्लीमार्गे निघाला. घरून सामानात त्याने दोन वेगळ्याच वस्तू घेतल्या: गोल्फच्या काठ्या आणि मेजवानीला घालायचा निळा गणवेश. विचारल्यावर सांगितले की लाहोरला गोल्फ खेळायचे आहे, आणि जिंकल्यावर मेसमध्ये खाना तर होणारच.

लोक हे त्याच्या धाडसाचे उदाहरण म्हणून सांगतात. मला त्यात एकवीस वर्षांचे वय दिसते. शाळेच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवणारा, पोहण्यात तरबेज मुलगा. लढाई म्हणजे काय याची कल्पना पुस्तकातली, आणि जिंकण्याची खात्री पुरेपूर. तो निळा गणवेश घडी न मोडता राहिला.

०

कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल हनूत सिंग. कोर्स पुरा न झालेल्या मुलाला लढाईत उतरवायला त्यांची तयारी नव्हती. अरुणने विनवणी केली. शेवटी जाऊ दिले, सोबत एक अनुभवी जेसीओ, म्हणजे शिपायांतून वर आलेला अधिकारी, देऊन. हनूत सिंगांचे नाव भारतीय रणगाडा दलात आजही आदराने घेतात, बसंतरसाठी त्यांना महावीर चक्र मिळाले. ते जन्मभर अविवाहित राहिले. निवृत्तीनंतर डेहराडूनला साधनेत राहत. त्या एका होकाराविषयी त्यांच्या मनात पुढे काय आले गेले असेल, हा प्रश्न माझ्या वहीत बरीच वर्षे आहे. होकार चूक नव्हता. तरीही तो होकार होता.

०

आता लढाई, थोडक्यात. १५ डिसेंबरच्या रात्री ४७ इन्फंट्री ब्रिगेडने बसंतर ओलांडून पलीकडे पाय रोवला. पण पायदळाच्या मदतीला रणगाडे जायचे तर मध्ये सुरुंगांचा पट्टा. सॅपर्स, म्हणजे इंजिनिअर्स कोरचे जवान, अंधारात, गोळीबाराखाली, सुरुंग काढत वाट करत होते. वाट अर्धीच झाली होती तेव्हा पलीकडून निरोप आला की शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल दिसते आहे. पूना हॉर्सने उरलेल्या सुरुंगांतूनच रणगाडे घातले आणि उजाडायच्या आत पायदळाला गाठले.

सकाळी आठच्या सुमाराला धुराच्या पडद्याआडून पाकिस्तानच्या १३ लान्सर्सचे पॅटन रणगाडे चालून आले. बी स्क्वाड्रनने मदत मागितली. ए स्क्वाड्रनमधून निघालेल्या रणगाड्यांत अरुणचा सेंच्युरियन होता, नाव 'फमागुस्ता'. त्या झुंजीत शत्रूचे दहा रणगाडे निकामी झाले. मानपत्राप्रमाणे चार एकट्या अरुणचे. त्याच्या रणगाड्याला गोळा लागून आग लागली. वायरलेसवरून वरिष्ठांनी बाहेर पडायला सांगितले. त्याने उत्तर दिले की माझी तोफ अजून चालते आहे, मी रणगाडा सोडणार नाही. शेवटचा शत्रू रणगाडा शंभर मीटरवर होता. त्यानंतरच्या गोळ्याने अरुण गेला.

फमागुस्ता आज अहमदनगरलाच आहे, त्याच प्रशिक्षण केंद्रात जतन करून ठेवलेला. ज्या कोर्समधून अरुण उठून गेला, त्या कोर्सला येणारी मुले तो रणगाडा पाहतात.

०

सेंच्युरियनमध्ये चार माणसे बसतात: कमांडर, तोफ चालवणारा, गोळे भरणारा आणि ड्रायव्हर. लोखंडी पोटात गुडघ्याला गुडघा लावून. कमांडर म्हणतो मी रणगाडा सोडणार नाही, तेव्हा आत आणखी तिघे असतात. त्या तिघांचीही घरे होती, खेड्यांतली. पुतळा एकाचा होतो, आणि सैन्यात ते बहुधा असेच होणार. पण ती सकाळ चौघांची होती, एवढे तरी शाळेच्या पुस्तकात धडा लिहिणाऱ्याने लिहावे.

०

त्याच लढाईत दुसरे परमवीर चक्र मेजर होशियार सिंग यांना, ३ ग्रेनेडियर्स. ते जगले. आणि सुरुंग काढणाऱ्या सॅपर्समधल्या मेजर विजय रतन चौधरींना मरणोत्तर महावीर चक्र. सुरुंग काढणाऱ्याच्या कामात पाहण्यासारखे काही घडत नाही. गुडघ्यांवर बसून माती चाचपायची. अरुणचे वडीलही इंजिनिअर्सचेच. मुलाचा रणगाडा ज्या वाटेने पलीकडे गेला ती वाट आपल्याच कोरच्या माणसांनी केली होती, हे त्यांना नक्की ठाऊक असणार.

०

परमवीर चक्राचे पदक सावित्रीबाई खानोलकरांनी घडवलेले. युरोपात जन्मलेली इव्ह, विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथली झाली, संस्कृत आणि पुराणे शिकली. दधीची ऋषींच्या अस्थींपासून इंद्राने वज्र केले, ती वज्राची आकृती तिने पदकावर आणली. पहिले परमवीर मेजर सोमनाथ शर्मा हे तिच्या थोरल्या मुलीचे दीर. पदक काढणारीच्याच सोयऱ्यांत पहिले पदक मरणोत्तर गेले.

अरुणचे पदक त्याच्या आईने राष्ट्रपती गिरींच्या हातून घेतले.

०

पूना हॉर्सचे आधीचे परमवीर चक्र १९६५चे. लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर. जन्म मुंबईचा, शिक्षण पुण्यातल्या सरदार दस्तूर शाळेत. पूर्वज शिवाजी महाराजांच्या पदरी होते असे घराण्यात सांगितले जाते. तेही १६ तारखेलाच गेले, १६ सप्टेंबर, त्याच सीमेवर, सियालकोटच्या मुलखात. मागे तरुण पत्नी आणि मुले. अरुण रेजिमेंटमध्ये आला तेव्हा ही गोष्ट सहा वर्षांची होती, मेसमध्ये तारापोरांबरोबर लढलेली माणसे बसत होती. विशीतल्या मुलाने रोज काय ऐकले असेल!

०

सरगोधा. खेत्रपालांचे मूळ गाव. फाळणीत सुटले. पुढे सरगोधा पाकिस्तानी हवाई दलाचा मोठा तळ झाला, १९६५ आणि १९७१ दोन्ही युद्धांत आपल्या विमानांनी तिथे बाँब टाकले. म्हणजे वडिलांचे गाव आपल्या विमानांच्या नकाशावर, आणि मुलगा त्या मुलखाच्या वेशीशी रणगाड्यात. आधी घर गेले, चोवीस वर्षांनी मुलगा गेला, दोन्ही त्याच सीमेने नेले. तरी म्हातारपणी ब्रिगेडियर खेत्रपालांना एकदा सरगोध्याला जाऊन यावेसे वाटत होते. हे मला फार माणसासारखे वाटते. जन्मगावाची ओढ राष्ट्रांच्या भांडणात हिशेबाला धरता येत नाही.

०

२००१. वय ८१. ब्रिगेडियर खेत्रपाल पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांची व्यवस्था ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासर यांनी केली, १३ लान्सर्सचे निवृत्त अधिकारी. तीन दिवस आपल्या घरी ठेवून घेतले, घरच्या सगळ्यांनी अतोनात अगत्य केले. निघायच्या आदल्या रात्री नासरांनी सांगितले: १९७१ साली बसंतरला मी होतो, तुमच्या मुलाचा रणगाडा ज्या गोळ्याने गेला तो माझा. लढाईत दोघांनी समोरासमोर एकमेकांवर गोळे डागले होते. नासरांचाही रणगाडा गेला, ते वाचले.

पुढे नासरांनी पत्र आणि दोघांचा एकत्र फोटो पाठवला. पत्रात अरुणच्या शौर्याला वंदन होते. त्याच्यासारखा माणूस वाटेत उभा राहिल्यानेच आपला हल्ला मोडला, असा त्याचा आशय.

या प्रसंगावर नाटक, सिनेमा, कीर्तन, काय वाटेल ते उभे राहील. सिनेमा झालाही. मला यात दोन गोष्टी वेगळ्या काढाव्याशा वाटतात. एक, नासरांनी सांगितले नसते तरी चालले असते. पाहुणा दुसऱ्या दिवशी निघून जाणार होता. तीस वर्षे पोटात ठेवलेले आणखी ठेवता आले असते. दुसरी, वडील स्वतः सैनिक होते म्हणून त्यांना ते ऐकता आले. समोरच्याने आपले काम केले, आपल्या मुलाने आपले, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या रात्री झोप लागली असेल का, हे निराळे.

याला कोणी दोन देशांच्या मैत्रीचे प्रतीक वगैरे म्हणतात. मी म्हणणार नाही. दोन म्हातारी माणसे होती, आणि एकाकडे दुसऱ्याच्या मुलाची शेवटची हकीकत होती. मारणाऱ्याखेरीज ती त्या बाजूने कोणीच पाहिलेली नव्हती. बापाला ती हवी असणार.

०

बसंतरलाच दुसऱ्या दिवशी, १७ डिसेंबरला, पाकिस्तानच्या ३५ फ्रंटियर फोर्सने जारपालवर प्रतिहल्ला चढवला. त्यांचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल अक्रम राजा आघाडीवर राहून लढत मेले. आपल्या ३ ग्रेनेडियर्सचे लेफ्टनंट कर्नल व्ही. पी. ऐरी यांनी त्यांच्या शौर्याची लेखी नोंद करून ती पाकिस्तानी बाजूला दिली. अक्रम राजांना हिलाल-ए-जुरत मिळाले. त्यांच्या घरच्यांपर्यंत नवऱ्याची, बापाची शेवटची हकीकत भारतीय अधिकाऱ्याच्या हस्ते पोहोचली. म्हणजे नासरांनी २००१ साली केले, ते ऐरींनी रणभूमीवरच केले होते. हे दोन्ही प्रसंग शेजारी शेजारी ठेवून वाचायला हवेत. नुसता एकच सांगितला की आपण किंवा ते, कोणीतरी उगाच मोठे होते.

०

खेत्रपालांविषयी इतके लिहिता येते, कारण इतके नोंदलेले आहे. ब्रिगेडियर वडील, शिकलेला धाकटा भाऊ, दिल्लीचे घर, मुलाखती, पुस्तके. सगळे योग्यच. पण वही लिहिताना माझे मन मधूनच माणगावला जाते.

मुंबई-गोवा रस्त्यावरचे माणगाव. गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्या तिथे तास तास अडकतात. तहसील कचेरीपाशी नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. गाव पळसगाव. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. सेक्शनमधले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावत गेले. हातबाँबने मशीनगन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपले, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारले. मग स्नायपरच्या गोळ्या लागल्या. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस.

देह सापडला नाही. नाव कसिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे. २०२३ साली इटलीतल्या मोंतोने या गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ बसवले.

०

व्हिक्टोरिया क्रॉस घ्यायला त्यांची पत्नी लक्ष्मीबाई गेल्या. मार्च १९४५, दिल्ली, व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हस्ते. कोकणातल्या वाडीतून निघालेली तरुण विधवा, दिल्लीपर्यंतचा प्रवास, लाल किल्ल्याची लष्करी शिस्त, समोर फील्ड मार्शल वेव्हेल. घाडगे यांच्याविषयी जे जे वाचले, त्यात लक्ष्मीबाई एका वाक्यात येतात आणि त्याच वाक्यात संपतात: पदक पत्नीने स्वीकारले.

महेश्वरी खेत्रपालांनी खोली आवरली, हे आपल्याला ठाऊक आहे. लक्ष्मीबाईंनी त्या पावसाळ्यात काय केले? जुलैत कोकणात लावणी असते.

०

सातारा, रायगड, रत्नागिरीतल्या किती तरी गावांत पहिल्या महायुद्धानंतर सरकारने बसवलेल्या संगमरवरी पाट्या आहेत. मजकूर बहुधा एकाच साच्याचा: या गावातून इतके लोक १९१४-१९१९च्या युद्धावर गेले, त्यातले इतके मेले. आकडे आहेत. नावे नाहीत. गावातल्या देवळाच्या भिंतीत, चावडीत, शाळेच्या ओट्यावर. मुले त्याखाली बसून डबा खातात. गावाने आपली नावे स्वतः लावावीत, अजून घराघरांत कोणाच्या तरी आज्जीला सांगितलेले आठवते आहे तोवर. ग्रामपंचायतीच्या ठरावाने होण्यासारखे काम आहे. यात सरकारची वाट बघायचे कारण नाही.

०

पळसगावला जायचे आहे. भातकापणी आटोपली की, म्हणजे लोक घरी भेटतील. लक्ष्मीबाईंना पाहिलेली माणसे आता पुष्कळ म्हातारी असणार. त्यांना विचारायचे आहे: बातमी वाडीत कशी आली, मनीऑर्डर बंद झाल्यावर घर कशावर चालले, शेत कोण कसत होते, पदक कुठल्या पेटीत असे, आणि वाडीतल्या बायका त्यांना काय म्हणून हाक मारत.